‘मुद्दा काय?’ असं विचारणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं

नागपुरात मिहानमधल्या आयटी कंपनीत, हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यात, सिव्हिल लाइन्सच्या सरकारी कचेरीत, नाहीतर आपल्याच घरात असा एक माणूस असतोच. आपण दारातून डोकावून म्हणतो, ‘सर, थोडं बोलायचं होतं.’ तो म्हणतो, ‘बोला.’ आपण म्हणतो, ‘नाही म्हणजे, कामात असाल तर नंतर येतो…’ तो स्क्रीनवरची नजर न काढता विचारतो, ‘मुद्दा काय?’

झालं. पुढचा अख्खा दिवस आपण चहाच्या टपरीवर त्या दोन शब्दांचा कीस पाडत बसतो. साहेब चिडले का? मागच्या आठवड्याचं काही मनात धरलंय का? अप्रेझल तोंडावर आलंय, आता काय होणार? आणि ज्यानं ते शब्द उच्चारले, त्याला संध्याकाळी विचारलं तर हा संवाद झाल्याचंही आठवत नाही.

ही तक्रार हल्ली नागपुरात जरा जास्तच ऐकू येते, आणि त्याला कारण आहे. पूर्वी साहेब आणि कारकून एकाच गावातले, कधी एकाच आळीतले असायचे. आता टीम लीडर बंगळुरूला, क्लायंट जर्मनीत आणि आपण वर्धा रोडवर. व्हिडिओ कॉलवर चहापाणी नाही, ‘घरचे कसे आहेत’ नाही, थेट ‘हा आकडा कुठून आला?’ गंमत म्हणजे ही तक्रार करणारी मंडळी चॅटजीपीटीला प्रश्न विचारताना सगळं मुद्देसूद लिहितात: काय हवंय, कशासाठी, किती ओळीत. यंत्राशी जमतं ते माणसाशी का जमत नाही, हे जरा उलगडून पाहू.

## हा माणूस असतो कसा?

सोयीसाठी आपण त्याला ‘विश्लेषक’ म्हणू. म्हणजे कुठलीही गोष्ट ऐकली की तिचे आधी भाग पाडणारा. दावा कोणता, पुरावा कोणता, गृहीत काय धरलंय, कुठे मेळ बसत नाही. हे तो भांडणासाठी करत नाही, त्याचं डोकंच तसं चालतं. ऑडिटर, प्रोग्रामर, क्वालिटीवाले, वकील, शास्त्रज्ञ यांच्यात अशी माणसं बरीच सापडतात, कारण त्या कामात चूक शोधण्याचेच पैसे मिळतात.

पण विश्लेषक असणं आणि फटकळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वभावाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ माणसाला पाच मापांवर मोजतात. त्यातलं एक माप दुसऱ्याशी जुळवून घेण्याचं, त्याला न दुखवण्याचं आहे. त्या मापाचा बुद्धीच्या चाचण्यांशी जवळपास संबंध नसतो. म्हणजे हुशार आणि मऊ बोलणारी माणसं भरपूर असतात, तसेच फटकळ आणि बिनडोकही. ‘मी फटकळ आहे कारण मी तर्कानं विचार करतो’ असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच खरं माना. इथे विषय आहे तो ज्यांच्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्यांचा.

## एकच वाक्य, चार कान

जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे मानसशास्त्रज्ञ फ्रीडेमान शुल्त्स फॉन थून यांनी १९८१ मध्ये एक साधी मांडणी केली. त्यांचं म्हणणं, प्रत्येक वाक्यात चार गोष्टी एकदम असतात: माहिती, बोलणाऱ्याच्या मनातलं काही, आपल्या दोघांच्या नात्याबद्दल काही, आणि एखादी अपेक्षा. ऐकणाऱ्यालाही तसेच चार कान असतात.

त्यांचं गाजलेलं उदाहरण गाडीतलं आहे. बायको गाडी चालवते आहे, शेजारी नवरा. तो म्हणतो, ‘समोर हिरवा लागलाय.’ ती फणकारते, ‘गाडी तू चालवतोयस की मी?’ हे शंकरनगर चौकात घडलं असं धरा, काही फरक पडत नाही. वाक्यातली माहिती एवढीच की सिग्नल हिरवा आहे. तिनं ऐकलं ते असं: ‘तुला गाडी नीट चालवता येत नाही.’ त्याला घाई असेल, किंवा तो तिला मदत करू पाहत असेल, किंवा खरोखर टोमणाच असेल. वाक्यावरून कळत नाही. कोणता कान उघडा आहे त्यावर सगळं अवलंबून.

विश्लेषक माणूस बहुतेक वेळा माहितीच्या तोंडानं बोलतो आणि माहितीच्याच कानानं ऐकतो. आपल्यापैकी पुष्कळांचा नात्याचा कान सदैव टवकारलेला असतो. तो म्हणतो, ‘या तक्त्यात तिसरी ओळ चुकली आहे.’ त्याच्या मते त्यानं तिसऱ्या ओळीबद्दल सांगितलं. आपण ऐकतो, ‘तुला काही येत नाही.’ उलट दिशेनंही तेच होतं. आपण दहा मिनिटं आस्थेनं पार्श्वभूमी सांगतो, आणि तो त्यात माहिती शोधत बसतो. सापडत नाही म्हणून विचारतो, ‘मुद्दा काय?’

## पण आम्ही नागपूरकर तर स्वतःच रोखठोक!

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे मित्र अर्धा तास उशिरा आला तर ‘यायला थोडा वेळ झाला वाटतं’ असं कोणी म्हणत नाही. ‘काहून बे, झोपला होता का?’ असंच विचारतात. लग्नाच्या पंगतीत भाजी खारट झाली तर आचाऱ्यापर्यंत बातमी जाते. मग रोखठोक बोलण्याची इतकी सवय असलेल्या माणसाला ‘आकडा चुकला आहे’ हे तीन शब्द का लागतात?

कारण आपला रोखठोकपणा नात्यानं भरलेला असतो. ‘काहून बे’ मधल्या ‘बे’त दहा वर्षांची ओळख असते. ‘असं काय करून राहिले जी तुम्ही?’ मधलं ‘जी’ धक्का देतं आणि सावरतंही. शब्द कडक, पण नातं शाबूत असल्याची पावती सोबत. अनोळख्याला आपण ‘बे’ म्हणत नाही, आणि म्हटलं तर डोकी फुटतात.

विश्लेषकाच्या वाक्यात ती पावती नसते. ‘आकडा चुकला आहे.’ ना ‘भाऊ’, ना ‘जी’, ना शिवी. शिवी असती तर बरं वाटलं असतं, असं एका ऑफिसातला शिपाई मला म्हणाला होता, आणि तो चेष्टा करत नव्हता. रिकामी राहिलेली जागा आपण मनातल्या भीतीनं भरतो. त्यानं राग पाठवलेलाच नसतो, तरी तो आपल्यापर्यंत पोचतो.

म्हणून ‘आम्हाला स्पष्ट बोलणं चालतं’ या भरवशावर राहू नका. आपल्याला सलगीचं स्पष्ट बोलणं चालतं. हे कोरडं स्पष्ट बोलणं आहे.

## आपण आडून का बोलतो?

आडून बोलणं हा काही दोष नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं की चारचौघांत प्रत्येक जण स्वतःचा आणि समोरच्याचा आब सांभाळत असतो. पुढे १९७८ मध्ये पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी त्याचा हिशेबच मांडला. समोरचा किती परका आहे, तो अधिकारानं किती वरचा आहे आणि आपली मागणी किती मोठी आहे, या तीन गोष्टी जितक्या वाढतात तितकं आपण वळसा घेऊन बोलतो. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर सरळ मागतो. साहेबाकडे चार दिवसांची सुट्टी मागताना मात्र आधी हवापाणी, मग आईची तब्येत, मग ‘बघा, जमलं तर’.

समोरचाही हीच रीत पाळणारा असेल तर सगळं सुरळीत चालतं. ‘सर, उद्या जरा घरी कार्यक्रम होता’ म्हटलं की जुना साहेब म्हणायचा, ‘बरं बरं, दुपारून जा.’ त्यानं न बोललेली मागणी ऐकली. विश्लेषक साहेब म्हणतो, ‘अच्छा.’ आणि काम सुरू. आपल्याला वाटतं नकार दिला. त्याला वाटतं, घरी कार्यक्रम असल्याची माहिती मिळाली. सुट्टी कोणी मागितलीच नव्हती!

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये छापलेल्या आपल्या व्याख्यानात संभाषणाचे चार अलिखित करार सांगितले: हवं तेवढंच बोला, खरं बोला, विषयाला धरून बोला, सुटसुटीत बोला. त्यातली मेख अशी की आपण हे करार मुद्दाम मोडतो आणि त्या मोडण्यातून अर्थ सुचवतो. सुट्टी मागायच्या जागी घरच्या कार्यक्रमाची गोष्ट काढली, म्हणजे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. विश्लेषक ओळखत नाही, किंवा ओळखलं तरी अंदाजावर पाऊल टाकायला त्याला आवडत नाही.

नागपूरकराला सांगायचं तर हा तर्री-पोह्यांचा मामला आहे. मुद्दा म्हणजे पोहे, आणि आर्जव, पार्श्वभूमी, आदर ही सगळी तर्री. तर्रीशिवाय पोहे आपल्या घशाखाली उतरत नाहीत हे कबूल. पण आपण विश्लेषकापुढे वाटीभर तर्री ठेवतो आणि पोहे तळाशी कुठेतरी बुडालेले असतात. त्याला आधी पोहे दिसू द्या, तर्री मागाहून घाला. तर्री तो अजिबात खात नाही, हाही गैरसमजच आहे.

## आडून बोलणं महागात पडतं तेव्हा

२५ जानेवारी १९९० ची रात्र. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान खराब हवामानामुळे बराच वेळ आकाशात घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं होतं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टननं सहवैमानिकाला सांगितलं, आणीबाणी आहे असं कळव. सहवैमानिक नियंत्रण कक्षाशी बोलला, पण ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द त्यानं वापरलाच नाही. इतर सूचनांना होकार देता देता तो म्हणाला, आमचं इंधन संपत आलंय. नियंत्रकांसाठी ते त्या गर्दीच्या रात्रीतलं आणखी एक वाक्य होतं. इंजिनं बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली. अपघाताच्या चौकशीत इंधनाच्या नियोजनाबरोबरच, आणीबाणी स्पष्ट शब्दांत न कळवणं हेही कारण नोंदलं गेलं.

आपल्या ऑफिसात विमानं पडत नाहीत. तरीही हिंगण्याच्या एखाद्या शेडमध्ये रोज याचीच छोटी आवृत्ती घडत असते. समजा, सुपरवायझर क्वालिटीच्या साहेबाकडे जातो.

‘साहेब, तीन नंबरची मशीन जराशी त्रास देऊन राहिली जी.’
‘काय त्रास?’
‘तशी चालू आहे, पण…’
‘चालू आहे ना? मग?’
‘नाही, काही नाही.’

सुपरवायझर खाली येऊन सांगतो की साहेबाला ऐकायचंच नाही. साहेब समजतो की मशीन ठीक आहे. आता तोच सुपरवायझर असं बोलला असता तर?

‘साहेब, तीन नंबरची लेथ आज बंद ठेवू द्या. बेअरिंग गरम होऊन राहिलं. सकाळी हात टेकत होता, आता टेकत नाही. जॉबवर चरे पडून राहिले, हा पहा.’

‘बंद करा. मेन्टेनन्सला मी सांगतो.’

पहिल्या संवादात साहेब उद्धट वाटला, दुसऱ्यात कामाचा वाटतो. माणूस तोच आहे. ‘जी’ गाळलं, ‘राहिलं’ तसंच ठेवलं. भाषा प्रमाण करायची काही गरज पडली नाही. आधी काय हवंय ते आलं, मग का, आणि हातातला चरे पडलेला जॉब तर वादच संपवतो.

## ‘का?’ म्हणजे अविश्वास नव्हे

सर्वांत जास्त जखमा या एका अक्षरानं होतात. आपल्याकडे वडीलधारा माणूस ‘का?’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘असं करायला नको होतं’ असा असतो. म्हणून ‘हा पुरवठादार का निवडला?’ असं कुणी विचारलं की आपण बचाव सुरू करतो: ‘सर, मी सगळ्यांना विचारूनच केलं, मागच्या वेळीही यांच्याकडूनच घेतलं होतं.’ विश्लेषकाला हे विचित्र वाटतं. त्यानं कारण विचारलं होतं, सफाई मागितली नव्हती. आणि सफाई दिली की त्याला नसलेला संशय येतो.

‘का?’ला कारणानं उत्तर द्या. ‘भाव चार टक्के जास्त आहे, पण माल दोन दिवसांत बुटीबोरीला पोचतो. दुसऱ्याला आठवडा लागतो.’ त्यावर तो आणखी एक ‘का’ विचारेल, कदाचित तिसराही. तुम्ही कुठे अडकता हे पाहायला नाही, तर विचार कुठवर पोचलाय हे त्याला समजून घ्यायचं असतं म्हणून. अडकलात तर ‘हे मला माहीत नाही, उद्या अकरापर्यंत सांगतो’ हे वाक्य बिनधास्त वापरा. या मंडळींसमोर न माहीत असणं फारसं लाजिरवाणं नसतं. माहीत असल्याचा आव आणणं मात्र ते वर्षभर विसरत नाहीत.

त्याच धर्तीवर, किती खात्री आहे तेही सांगत जा. ‘होऊन जाईल सर’ हे आपलं आवडतं वाक्य. ते वचन आहे, आशा आहे की नुसता तोंडचा शिष्टाचार, हे आपल्यालाही ठाऊक नसतं. ‘शुक्रवारपर्यंत नक्की’ आणि ‘शुक्रवारी होईल असा अंदाज, पण इतवारीतून माल आला तरच’ या दोन वाक्यांत त्याच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मतभेद असेल तर माणसाला सोडून त्याच्या गृहीतकाला हात घाला. ‘तुमचं चुकतंय सर’ यापेक्षा ‘तुम्ही रोजचं उत्पादन सारखं धरलंय, मे महिन्यात दुपारची पाळी निम्म्यानंच चालते’ हे त्याला पटकन पचतं. नागपूरचा मे काय असतो हे बाहेरच्या साहेबाला कुठून माहीत असणार? असं खोडलेलं या मंडळींना अनेकदा आवडतंही. चेहऱ्यावर दिसत नाही, ती गोष्ट निराळी.

## आणि माझं म्हणणं आकड्यात बसत नसेल तर?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अनुभवी माणसाला पुष्कळदा आधी जाणवतं आणि कारण मागून सापडतं. विश्लेषकापुढे त्याची पंचाईत होते.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत नेमकं हेच झालं. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान उडायचं होतं आणि थंडी कडाक्याची होती. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतले अभियंते दूरध्वनी बैठकीत सांगत होते की सांध्यातली रबरी कडी थंडीत कडक पडते, उड्डाण नको. रॉजर बोइजोली हे त्यांतले एक. वर्षभरापूर्वी थंडीत झालेल्या एका उड्डाणानंतर त्यांनी त्या सांध्यात काळी काजळी स्वतः पाहिली होती. त्यांना विचारण्यात आलं, धोका आकड्यात सांगा. पुढे चौकशी आयोगासमोर त्यांनी सांगितलं की आकडा देण्याइतकी माहिती त्यांच्याकडे नव्हती. व्यवस्थापनानं उड्डाणाला संमती दिली. २८ तारखेला उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

इथे चूक अभियंत्यांच्या बोलण्यात होती असं मी म्हणणार नाही. ते पुरेसं स्पष्ट बोलले होते. आकडा नाही म्हणजे धोका नाही, हा आकडेवाल्यांचा आवडता घोटाळा आहे आणि तो त्यांना तोंडावर सांगायला हवा. ‘माझ्याकडे आकडा नाही. पण सुरक्षित आहे याचाही आकडा तुमच्याकडे नाही. मग धोका कोणी सिद्ध करायचा आणि सुरक्षितता कोणी?’ हा प्रश्न तर्काच्या भाषेत आहे, म्हणून प्रामाणिक विश्लेषकाला तो टाळता येत नाही. अंदाज असेल तर अंदाज म्हणूनच मांडा, आणि तो कशावरून आला ते सांगा: काय पाहिलं, कधी पाहिलं, आधी असं झालं तेव्हा पुढे काय घडलं.

## व्हॉट्सॅपवरचं ‘ओके.’

बोलताना निदान चेहरा असतो. लिहिताना तोही जातो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही तिरकसपणे ईमेलनं पाठवायची, आणि वाचणाऱ्यानं सूर ओळखायचा. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की शंभरात ७८ वेळा सूर बरोबर ओळखला जाईल. प्रत्यक्षात तो ५६ वेळाच ओळखला गेला. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नासच्या आसपास बरोबर आलंच असतं.

तेव्हा ‘ओके’ पुढच्या पूर्णविरामात राग शोधणं सोडा. सुरात शंका असेल तर फोन करा. आणि तुम्हाला त्यांच्याकडून काय हवंय ते पहिल्या ओळीत लिहा: मंजुरी, मत, की नुसती नोंद. ‘सर, गुड मॉर्निंग’ एवढाच संदेश टाकून उत्तराची वाट पाहत बसणाऱ्यांवर ही मंडळी मनातून भयंकर वैतागतात. या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे.

## म्हणजे उद्धटपणा खपवून घ्यायचा?

नाही. फरक ओळखायचा. मला विचाराल तर एकच कसोटी पुरेशी आहे: तो वरच्यांशीही असाच बोलतो का? जो माणूस डायरेक्टरलाही ‘हा आकडा चुकला आहे’ असं तितक्याच कोरडेपणानं सांगतो, त्याचा तो स्वभाव आहे. जो वर ‘हो सर, बरोबर सर’ करतो आणि खाली येऊन तलवार चालवतो, त्याला विश्लेषक म्हणून उगाच मोठं करू नका. तो अधिकार गाजवतोय. तसंच, काम सोडून माणसावर घसरणं (‘तुमच्या कॉलेजात हेच शिकवलं का?’), किंवा स्वतःला कुणी सरळ बोललं की चवताळणं, हे कोणत्याही विश्लेषणात बसत नाही.

आणखी एक गोष्ट. असं बोलणारा प्रत्येक जण ऑटिस्टिक आहे असं निदान हल्ली व्हॉट्सॅपवर सर्रास होतं. तो उद्योग डॉक्टरांवर सोडा. त्या क्षेत्रातला एक विचार मात्र इथे उपयोगी आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की अशा माणसांना इतर लोक कळत नाहीत हे जितकं खरं, तितकंच इतरांना ती कळत नाहीत हेही खरं. गैरसमज दोन्हीकडून असतो.

## घरी काय करायचं?

बायको सांगत असते की शाळेत आज मुख्याध्यापिकेनं सगळ्यांसमोर कसं पाडून बोललं. नवरा तिसऱ्या वाक्याला म्हणतो, ‘मग लेखी तक्रार कर.’ ती गप्प होते. त्याला कळत नाही काय झालं, कारण उपाय तर अचूक होता.

इथे त्याला बोल लावून काही हाती लागत नाही. ‘तुला काही कळतच नाही’ हे त्याच्या लेखी पुराव्याशिवाय केलेलं विधान आहे. आधीच सांगून टाकावं, ‘मला उपाय नकोय, दहा मिनिटं ऐकून घे.’ हे असं सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, मला कल्पना आहे. माहेरच्या माणसांना सांगावं लागत नाही. पण नेमकी सूचना मिळाली की ही माणसं ती इमानदारीत पाळतात, आणि दहा मिनिटांनी विचारतातही, ‘आता उपाय सांगू का?’ बाप विश्लेषक आणि लेक दहावीत असेल तर ९१ टक्क्यांवर ‘उरलेले नऊ कुठे गेले?’ हा प्रश्न ठरलेला. तो खरंच नऊ टक्क्यांचा हिशेब विचारत असतो. लेकराला ते कळायचं वय नसतं, म्हणून तिथे आईनं मध्ये पडून नवऱ्याला सांगायचं: आधी पेढा, हिशेब उद्या.

## आम्हीच का बदलायचं?

बदल दोघांनीही करायचा आहे, पण फटकळ माणसाला तो पटवायचा तर त्याच्याच भाषेत पटवावा लागतो. ‘सर, तुमचं बोलणं लागतं’ यावर त्याचं उत्तर तयार असतं: ‘मी चूक ते चूक म्हटलं.’ म्हणून परिणाम सांगा. ‘सोमवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही त्या पोराला सगळ्यांसमोर झापलं. त्याला बुधवारी दुसरी चूक दिसली होती. त्यानं ती शुक्रवारपर्यंत सांगितली नाही.’ ही भावना नाही, घटनाक्रम आहे. तो तपासून पाहता येतो, आणि तो तपासेलही.

त्याला सांगण्यासारखा एक पुरावाही आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला होता, तो १९९६ मध्ये छापून आला. त्यांची अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका होत्या. खोलात गेल्यावर कळलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. ज्या वॉर्डात बोलणी खावी लागत, तिथे चुका लपत होत्या. ज्याला अचूक माहिती हवी त्याच्यासाठी यापेक्षा मोठं कारण नाही. कारण लोक घाबरले की त्याच्यापर्यंत पोचणारी माहितीच खोटी होते.

हे सांगताना एकट्याला गाठा, एकच प्रसंग घ्या, आणि नेमकं काय हवंय ते मागा. ‘जरा सौम्य बोला’ ही सूचना त्याला राबवता येत नाही, कारण किती म्हणजे जरा? ‘चूक असेल तर मीटिंगमध्ये न सांगता नंतर वेगळं सांगा’ ही येते. पुष्कळ जण ती दुसऱ्या दिवसापासून पाळू लागतात, कुठलाही आविर्भाव न करता. वर मऊ आणि खाली कडक बोलणाऱ्यांच्या बाबतीत मात्र यातलं काही चालत नाही. तिथे तारखेनिशी लिहून ठेवायचं आणि त्याच्या वरच्याकडे न्यायचं.